नदी वाचेल, पण गिट्टी फोडणाऱ्याचे काय?

नागपुरात काटोल रोडला गिट्टीखदान नावाची वस्ती आहे. आज तेथे पोलीस ठाणे आहे, पक्की घरे आहेत, दुकाने आहेत. नाव मात्र जुन्या धंद्याचेच राहिले. शहर वाढते तेव्हा दगड कुठून तरी काढावाच लागतो आणि तो काढणाऱ्यांची वस्ती खदानीच्या काठालाच बसते. पुढे शहर सरकते, खदान पाण्याने भरते नाहीतर कचऱ्याने बुजते, आणि फोडणारा माणूस टोपले-फावडे घेऊन आणखी पुढे जातो. आता तो उमरेड रोडला पाचगावकडे गेला आहे. उन्हाळ्यात या रस्त्याने जाणाऱ्याला क्रशर लांबूनच ओळखू येतो, कारण आजूबाजूच्या बाभळी हिरव्या नसतात, राखाडी असतात.

या राखाडी धुळीला आता सरकारदरबारी प्रतिष्ठा मिळाली आहे. १३ मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कृत्रिम वाळूचे, म्हणजे 'एम-सँड'चे धोरण मंजूर केले. नदीच्या रेतीऐवजी दगड दळून केलेली वाळू काँक्रीटमध्ये वापरायची, सरकारी बांधकामांत तिचा वापर टप्प्याटप्प्याने सक्तीचा करायचा आणि त्यासाठी सुरुवातीला प्रत्येक जिल्ह्यात ५० उद्योगांना सवलती द्यायच्या, असे हे धोरण आहे. आम्ही या धोरणाचे स्वागत करतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण आंबेडकरी माणूस प्रत्येक सरकारी निर्णयाला विरोधच करतो असा सोयीस्कर समज काही मंडळींनी पसरवून ठेवला आहे. निर्णयाला आमचा विरोध नाही. निर्णयाच्या हिशोबातून जो माणूस गाळला गेला, त्याच्यासाठी आम्ही लिहीत आहोत.

प्रथम नदीची बाजू. नागपूरकर ज्या पाण्यावर जगतो ते पेंच आणि कन्हानचे. ज्या रेतीवर नागपूर उभे राहिले तीही मुख्यतः कन्हानची आणि भंडाऱ्याकडून येणारी वैनगंगेची. म्हणजे एकाच नदीकडून आम्ही पाणीही मागतो आणि पाणी धरून ठेवणारा थरही उपसून नेतो. रेतीचा थर हा नदीचा स्पंज आहे. तो पावसाळ्याचे पाणी पोटात ठेवतो आणि काठच्या विहिरींना उन्हाळ्यात थोडे थोडे देतो. तो खरवडला की नदीपात्रात खड्डे राहतात आणि विहिरी तळ गाठतात. शिवाय या रेतीवर माणसेही जगत होती. उन्हाळ्यात पात्रात डांगरवाड्या लावणारे ढिवर, भोई, कहार आठवतात ना? टरबूज-डांगराच्या त्या वाड्या जेथे पोकलेन उतरला तेथून उठल्या. पोकलेनला कोणी सातबारा विचारला नाही, डांगरवाडीवाल्याला मात्र विचारला.

कायदा नव्हता असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सांगितले, की पाच हेक्टरपेक्षा लहान रेतीपट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागेल. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ च्या ७ व ८ या पोटकलमांत चोरून काढलेल्या गौण खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपट दंड आणि वाहनजप्ती आहे. पण वकिली करताना आम्ही जे पाहिले ते असे, की रेतीच्या केसमध्ये कोर्टासमोर उभा राहणारा आरोपी बहुधा टिप्परचा ड्रायव्हर असतो, नाहीतर रात्री पाचशे रुपयांवर रेती भरायला गेलेला पोरगा. घाट कोणाचा, पोकलेन कोणाचे, टिप्परचा खरा मालक कोण, हे प्रश्न आरोपपत्राच्या बाहेरच राहतात. ड्रायव्हरचे आडनाव वाचून जात ओळखण्याची वाईट सवय आम्हाला या केसेसनी लावली.

तेव्हा नदीतून रेती काढणे थांबावे, हे आम्हाला मनापासून वाटते. हा एकट्या कन्हानचा प्रश्न नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ हजार कोटी टन रेती व खडी वापरली जाते. पाण्याखालोखाल माणूस सर्वांत जास्त वापरतो ती हीच वस्तू. आमच्याच शहरात मेट्रो झाली, डांबरी रस्ते उखडून सिमेंटचे झाले, शिवमडक्यापासून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण झाला. एवढे काँक्रीट पोसणे कुठल्याही नदीच्या ताकदीबाहेरचे आहे.

मग दगडाची वाळू चालते काय? चालते. फक्त 'डस्ट' आणि 'एम-सँड' यांत फरक आहे आणि तो आमच्या लोकांनी समजून घेतला पाहिजे, कारण फसवणूक नेमकी तेथेच होते. क्रशरमध्ये बोल्डर टाकला की जाळ्यांमधून चाळीसची, वीसची, दहाची गिट्टी वेगळी होते. पावणेपाच मिलिमीटरच्या जाळीखाली जे पडते ती चुरी, म्हणजेच डस्ट. फोडलेल्या दगडाचा साधारण पंधरा-वीस टक्के भाग असा खाली पडतो. वर्षानुवर्षे त्याचे ढिगारे क्रशरच्या मागे पडून राहिले. वारा सुटला की शेतात, पाऊस आला की नाल्यात. ही चुरी चपटी आणि टोकदार असते, तिच्यात भुकटी किती आणि दाणा किती याचा काही धरबंद नसतो. एम-सँड म्हणजे हाच माल दुसऱ्या यंत्रात, ज्यात दगड दगडावर वेगाने आदळतो, पुन्हा फोडून दाणा गोलसर करायचा, चाळायचा, गरज पडल्यास धुवायचा आणि ठरलेल्या मापात बसवायचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटमध्ये दगडाची वाळू पंचवीस वर्षांपूर्वीच वापरली गेली. तेव्हा हा काही नवा शोध नव्हे.

भारतीय मानक ३८३ ची २०१६ ची आवृत्ती दगडाच्या वाळूला उघडपणे मान्यता देते. त्यात एक बारकावा आहे. ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक भुकटी नदीच्या रेतीत ३ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, पण दगडाच्या वाळूत १५ टक्क्यांपर्यंत चालते. ही मेहेरबानी नव्हे. नदीच्या रेतीतली भुकटी बहुधा माती असते आणि माती सिमेंटला दाण्याशी नीट चिकटू देत नाही. दगडाची भुकटी दगडच असतो, तो पोकळी भरतो. मात्र पंधराची पंचवीस झाली की तोच माल पाणी पिऊ लागतो. टोकदार दाण्याचा माल मुळातच घट्ट असतो, थापी चालत नाही, म्हणून मिस्त्री आणखी एक बादली ओततो आणि स्लॅबची ताकद त्या बादलीबरोबर वाहून जाते. मोठ्या कामावर यासाठी रसायन घालतात, प्रयोगशाळेत घन फोडून पाहतात. आमच्या वस्तीतल्या घरकुलावर यापैकी काहीही होत नाही. तेथे एक पाटी सिमेंट, दीड पाटी रेती, तीन पाटी गिट्टी आणि मिस्त्रीचा अंदाज.

आपल्या जिल्ह्यात याहून एक चांगले उदाहरण आहे आणि त्याची चर्चा व्हावी तेवढी होत नाही. कोळशाच्या उघड्या खाणीत कोळशावर दगड-मातीचा जो थर असतो तो काढून बाजूला डोंगर रचतात. कामठी, सावनेर, उमरेड पट्ट्यातले हे डोंगर सर्वांनी पाहिले आहेत. आपल्याकडे या थरात वालुकाश्म भरपूर असतो. कामठी गावाचे नावच भूशास्त्रज्ञांनी या वालुकाश्माला दिले आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सने हा टाकाऊ दगड फोडून, धुवून त्याची वाळू करायला सुरुवात केली. सुरुवातीची वाळू नागपूर सुधार प्रन्यासाला पंतप्रधान आवास योजनेतील स्वस्त घरांसाठी दिली गेली. नंतर गोंडेगाव खाणीजवळ रोज २५०० घनमीटर वाळू करणारा मोठा कारखाना उभा राहिला. केंद्रीय कोळसा मंत्रालयाने २०२१ मध्ये या वाळूचा खर्च घनमीटरला सुमारे १६० रुपये सांगितला होता. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. म्हणजे ब्रासला साडेचारशे रुपयांच्या आसपास. बाजारात त्या वेळी हीच वाळू याच्या दहापट भावाने विकली जात होती. सार्वजनिक कंपनीने मनावर घेतले तर टाकाऊ दगडातून गरिबाचे घर उभे राहते, नदीही वाचते, हे येथे सिद्ध झाले. खाजगीकरणाचे ढोल वाजवणाऱ्यांनी गोंडेगावला एक चक्कर मारून यावी.

आता राज्याच्या धोरणाकडे येऊ. गौण खनिजावर सरकार ब्रासमागे ६०० रुपये स्वामित्वधन घेते. एम-सँड करणाऱ्याकडून ते फक्त २०० रुपये घेतले जाईल. शिवाय व्याजात अनुदान, वीज शुल्कात सूट, मुद्रांक शुल्कात सूट. नवा उद्योग उभा राहावा म्हणून सरकार सवलत देते, त्यात गैर काही नाही. पण स्वामित्वधन म्हणजे काय? डोंगर जनतेचा आहे, तो फोडून नेणाऱ्याने जनतेला द्यायची ती किंमत. ब्रासमागे ४०० रुपये सोडले याचा अर्थ जनतेने आपल्या डोंगराची दोन-तृतीयांश किंमत उद्योजकाला माफ केली. एखाद्या क्रशरने महिन्याला हजार ब्रास वाळू काढली तर ही माफी महिन्याला चार लाखांची होते. आमचा प्रश्न एवढाच आहे, की या चार लाखांच्या बदल्यात उद्योजकाने काय द्यायचे? वाळू मानकाप्रमाणे द्यायची, हे ठरले. ती फोडणाऱ्या माणसाचा श्वास शाबूत ठेवायचा, ही सवलतीची अट कोठे आहे?

दोन-अडीच वर्षांपूर्वी एक बाई आमच्या ऑफिसात आल्या. जयभीम केला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवले. नवरा अकरा वर्षे एका क्रशरवर होता. जाळीत अडकलेला दगड सळईने मोकळा करायचा, पट्ट्याखाली सांडलेली चुरी ओढायची. तोंडाला दुपट्टा, बाकी काही नाही. दम लागू लागला, दवाखान्यात क्षयरोग सांगितला, औषधे झाली, पुन्हा झाली, माणूस गेला. बाई म्हणाल्या, "साहेब, माह्या नवऱ्याले टीबी झाला म्हनून लिवलं. मंग एवढ्या गोळ्या खाऊन बरा काऊन नाही झाला?"

या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्रात आहे. दगडातील सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात बसली की तेथे व्रण होतात आणि फुप्फुस हळूहळू दगडासारखे कडक होते. यालाच सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा होत नाही. एक्स-रेवर तो क्षयरोगासारखा दिसू शकतो; शिवाय सिलिका बसलेल्या फुप्फुसाला क्षयरोग लवकर गाठतो, त्यामुळे दोन्ही एकत्रही असू शकतात. डॉक्टरने 'काय काम करता?' एवढे विचारले नाही, तर कागदावर एकच रोग उतरतो. क्षयरोग लिहिला की तो रोग्याच्या गरिबीचा दोष ठरतो. सिलिकोसिस लिहिला की तो मालकाचा दोष ठरतो. लिहिण्यातला हा फरक लाखो रुपयांचा आहे.

येथे दगडाचा प्रकारही पाहिला पाहिजे. नागपूर शहर दोन दगडांच्या सीमेवर बसले आहे. पश्चिमेला काळा बेसाल्ट, पूर्वेकडे पट्टिताश्म व ग्रॅनाइटच्या जातीचा जुना दगड. बेसाल्टमध्ये मोकळा सिलिका कमी असतो, पूर्वेकडच्या दगडात आणि वालुकाश्मात गारेचे प्रमाण भरपूर. म्हणून प्रत्येक क्रशर सारखाच घातक आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण आपला कायदा हा फरक कोठे करतो? पर्यावरण संरक्षण नियमांत क्रशरसाठी जे मानक आहे ते यंत्रापासून ३ ते १० मीटरवर हवेत घनमीटरमागे ६०० मायक्रोग्रॅमपर्यंत धूळ चालेल, असे आहे. ती धूळ कशाची, तिच्यात सिलिका किती, हे ते मानक विचारत नाही. आता दगड आणखी बारीक करायचा आहे. जो क्रशर काल गिट्टीवर थांबत होता तो उद्या वाळूपर्यंत जाणार. धूळ वाढेल की कमी होईल, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. ओल्या पद्धतीने काम केले, यंत्र झाकले, पाण्याचा फवारा चालू ठेवला, तर ती आटोक्यात राहते. पण फवाऱ्याला पाणी लागते आणि पाण्याला पैसा लागतो.

आणि हे काही आज सुचलेले नाही. १६ डिसेंबर १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंधुआ मुक्ती मोर्चा प्रकरणात निकाल दिला. फरिदाबादच्या दगडखाणीतील वेठबिगार मजुरांबद्दल आलेले एक पत्र न्यायमूर्ती भगवती यांनी याचिका म्हणून दाखल करून घेतले होते. घटनेच्या कलम २१ मधला जगण्याचा हक्क म्हणजे माणूस म्हणून प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क आणि त्याला कलम ३९(ई) व ४२ चा आधार आहे, हे त्या निकालाने सांगितले. वकील मंडळी तेवढाच भाग भाषणात सांगतात. त्याच निकालात एक साधा आदेशही आहे: क्रशरवर पाण्याचा ड्रम ठेवून सतत फवारा सोडा, नाहीतर धूळ ओढून घेणारे यंत्र बसवा. पाण्याचा ड्रम! देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रशरवर ड्रम ठेवायला सांगून चार दशके उलटली. आपल्या गावाजवळच्या क्रशरवर तो ड्रम आहे काय, एवढे वाचकांनी जाऊन पाहावे. असला, तर त्यात पाणी आहे काय तेही पाहावे.

दुसरे प्रकरण गुजरातचे. गोध्रा भागातील गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूरचे आदिवासी मजूर जात. ते गावी परतत ते खोकत, आणि काही वर्षांत मरत. संघटनांनी गावोगाव फिरून नावे गोळा केली, २००६ ची याचिका सर्वोच्च न्यायालयात चालली, आणि ४ मे २०१६ रोजी न्यायालयाने गुजरात सरकारला २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. दहा वर्षे लागली. पण आदेश झाला तो नावांची यादी होती म्हणून. राजस्थानने तर २०१९ मध्ये धोरणच केले. रोगाचे प्रमाणपत्र मिळताच ३ लाख, मृत्यूनंतर वारसांना २ लाख. महाराष्ट्र स्वतःला फुले-शाहू-आंबेडकरांचा म्हणवतो. त्याने वाळूचे धोरण करताना या राज्यांकडे एवढे तरी पाहायला हवे होते.

राजस्थानचे नाव आले म्हणून आणखी एक सांगतो, थोडे विषयांतर वाटेल. आपल्या दीक्षाभूमीच्या स्तूपाला राजस्थानातील धोलपूरचा दगड लागला आहे. १८ डिसेंबर २००१ रोजी त्या स्तूपाचे उद्घाटन झाले तेव्हा आम्ही गर्दीत उभे होतो, त्या दगडाचा रंग पाहून भारावलो होतो. तो दगड धोलपूरच्या खाणीत कोणी फोडला असेल, हे तेव्हा आमच्या मनात आले नाही. धोलपूर आणि करौलीच्या वालुकाश्माच्या खाणी सिलिकोसिससाठीच ओळखल्या जातात आणि त्या खाणींत उतरणारे बहुतेक आमच्याचसारखे, गावकुसाबाहेरचे. दोष कोणाला देत नाही. आमच्याही मनात आले नव्हते, एवढेच.

महाराष्ट्रात दगड फोडण्याचे काम पिढ्यान् पिढ्या वडार समाजाकडे आले. आपल्या राज्यात तो विमुक्त जातींच्या यादीत आहे, कर्नाटकात भोवी नावाने अनुसूचित जातीत. राज्याची सीमा ओलांडली की हक्क बदलतो, हातातला घण मात्र तोच राहतो. आता क्रशरवर वडारांबरोबर छत्तीसगडचे, बालाघाटचे आदिवासी मजूर आहेत आणि आपली बौद्ध पोरेही आहेत. शिक्षण झाले, नोकरी लागली नाही, म्हणून ती तेथे आहेत. त्यामुळे हा प्रश्न 'त्यांचा' म्हणून बाजूला टाकता येणार नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले आणि स्वतः खाली खाणीत उतरले. त्यांच्या खात्याने लगेच, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम काढला. त्यातले तत्त्व साधे होते. खाणीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक टनामागे काही कर घ्यायचा आणि तो खाणकामगाराच्या घर, पाणी व दवाखान्यावर खर्च करायचा. मालाच्या वजनाशी कामगाराचा हक्क बांधला की मालकाच्या दयेचा प्रश्न उरत नाही. जेवढा कोळसा निघेल तेवढा निधी वाढेल.

हेच तत्त्व वाळूला लावा, ही आमची मागणी आहे. सरकारने ४०० रुपये सोडलेच आहेत. त्यातले शंभर रुपये ब्रासमागे परत घ्या आणि क्रशर व खाणकामगारांच्या स्वतंत्र निधीत टाका. उरलेली तीनशेची सवलतही अटींवर द्या. फवारा आणि यंत्रावरचे आच्छादन चालू असेल तर सवलत, बंद आढळले तर त्या महिन्याचे पूर्ण सहाशे. दंड वसूल करायला आपले खाते वर्षे लावते, सवलत बंद करायला एक आदेश पुरतो. म्हणून आम्ही दंडापेक्षा ही वाट सुचवतो. कामगाराच्या छातीचा एक्स-रे दरवर्षी निघावा आणि तो वाचणारा डॉक्टर या रोगाचा जाणकार असावा. भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय नागपुरात, नीरी नागपुरात, वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉईल नागपुरात. खाणकामगारांच्या आरोग्याची राष्ट्रीय संस्थासुद्धा नागपुरातच होती. २०१९ मध्ये ती अहमदाबादच्या संस्थेत विलीन झाली. या शहरात जाणकारांची टंचाई आहे असे कोणी म्हणू नये. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा आहे, त्याच्या नियमांत आरोग्य हा अग्रक्रमाचा विषय आहे. एक फिरते एक्स-रे वाहन घ्यायला याहून योग्य पैसा कोणता?

कायद्याच्या बाजूने जे आज हाती आहे तेही वापरले पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांच्याबद्दल आमच्या हरकती वेगळ्या आहेत, त्या पुन्हा कधी. पण त्यांत कामगाराला नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे आणि सिलिकोसिस नोंदवण्याजोग्या रोगांच्या यादीत कायम आहे. अडचण दहाच्या आकड्याची आहे. दहापेक्षा कमी कामगार दाखवले की बरेच काही चुकवता येते, म्हणून क्रशरवर पंचवीस माणसे दिसतात आणि वहीत नऊ. यावर एक तोडगा आमच्या हातात आहे. राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या कामांच्या यादीत दगड फोडणे व दगडाचा बारीक चुरा करणे हे काम आहे. वर्षात ९० दिवस असे काम केलेल्याला मंडळाकडे नोंदणी करता येते. ठिय्यावरच्या मिस्त्री-मजुरांची नोंदणी आपल्या कार्यकर्त्यांनी केली. क्रशरवर मात्र फारसे कोणी फिरकले नाही. त्यात आम्हीही आलो.

घरकुलाचा मुद्दा राहिला. एप्रिल २०२५ च्या वाळू धोरणात घरकुल लाभार्थ्यांना पाच ब्रासपर्यंत रेती मोफत देण्याची तरतूद आहे. रमाई आवास योजनेच्या लाभार्थ्यांनी तिचा आग्रह धरावा. नदीची रेती बंद झाल्यावर तिच्या जागी एम-सँड मिळाली तर घ्यावी, पण 'डस्ट' घेऊ नये. चाचणीचा कागद मागावा, ग्रामपंचायतीच्या अभियंत्याला चाळणी लावायला सांगावे. आमच्या ऑफिसात आलेल्या त्या बाईंनाही मागच्या वर्षी घरकुल मंजूर झाले. ठेकेदाराने स्लॅबसाठी माल टाकला. बाईंनी मूठभर हातात घेऊन चोळला, फुंकर मारली आणि म्हणाल्या, "हे रेती नाही. हे क्रशरच्या पट्ट्याखालचं भुकटं व्हय. माह्या नवऱ्याच्या कपड्यातून म्या रोज झटकत होती." ठेकेदाराने माल परत नेला. चाचणी कोणी केली नाही, पण बाईंच्या हाताइतकी खात्रीची चाचणी आम्हाला तरी माहीत नाही.

गेल्या महिन्यापासून आम्ही आणि काही तरुण कार्यकर्ते खदानीच्या गावांतून एक यादी करीत आहोत. नाव, वय, कोणत्या क्रशरवर, किती वर्षे, कोणत्या दवाखान्यात, रोग काय लिहिला, एक्स-रे आहे की नाही. ज्यांच्या घरी असा एक्स-रे पडून असेल त्यांनी तो फेकू नये, जिल्हा न्यायालयात आमच्याकडे आणून दाखवावा. वहीत पहिले नाव त्या बाईंच्या नवऱ्याचे आहे. क्रशरचे नाव, मालकाचे नाव, वर्षे, सारे त्यांनी न अडखळता सांगितले. हजेरी क्रमांकाचा रकाना कोरा आहे.